डोक्यातलं विमान

१ जानेवारी १९७८, रात्रीचे सव्वाआठ वाजत आले होते. एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ मुंबईहून दुबईला निघालं. विमान समुद्रावर आलं तसे किनाऱ्यावरचे दिवे मागे पडले आणि कॉकपिटच्या काचेपलीकडे नुसता काळोख उरला. आभाळ कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं, कळायला मार्ग नाही. ठरल्याप्रमाणे विमान थोडं उजवीकडे वळलं आणि परत सरळ झालं. कॅप्टनसमोरच्या यंत्रात मात्र ते उजवीकडे कललेलंच दिसत राहिलं. यंत्र बिघडलं होतं. कॅप्टनने विमान ‘सरळ’ करायला डावीकडे कलवलं. यंत्र ढिम्म. म्हणून आणखी डावीकडे. उड्डाणाला दोन मिनिटंही झाली नव्हती आणि २१३ माणसांना घेऊन ते विमान वांद्र्यापासून तीनेक किलोमीटरवर अरबी समुद्रात कोसळलं.

विमान किती कललंय ते दाखवणाऱ्या यंत्राला कृत्रिम क्षितिज म्हणतात. त्या कॉकपिटमध्ये अशी तीन यंत्रं होती: एक कॅप्टनपुढे, एक को-पायलटपुढे आणि तिसरं राखीव. तिघांपैकी दोघं एक सांगत असतील आणि तिसरं भलतंच, तर कुणाचं ऐकायचं हे शाळकरी पोरही सांगेल. फ्लाइट इंजिनिअर तेच सांगायचा प्रयत्न करत होता, असं कॉकपिटमधल्या आवाजांच्या रेकॉर्डिंगवरून दिसतं. तोवर उशीर झाला होता. कॅप्टन नवशिक्या नव्हता, हजारो तास उडालेला होता. मग असं का व्हावं?

आपण समजतो की वैमानिक यंत्रांकडे बघून विमान उडवतो. अर्धंच खरं आहे ते. यंत्रांकडे बघून तो आधी डोक्यात एक विमान उभं करतो: आता असं कललंय, इतक्या उंचीवर आहे, इतक्या वेगाने चाललंय, दहा सेकंदांनी अमुक ठिकाणी असेल. हात-पाय चालतात ते या डोक्यातल्या विमानाच्या सांगण्यावरून. बाहेरचं विमान आणि डोक्यातलं विमान एकमेकांना धरून चालली तर प्रवासी निवांत झोपतात. दोघांची फारकत झाली, की कितीही सफाईदार हात चुकीच्या विमानाला सावरत बसतात.

डोक्यातलं विमान जन्मजात मिळत नाही, ते प्रशिक्षणातून घडतं. कारण निसर्गाने दिलेली यंत्रणा हवेत सपशेल तोंडघशी पडते. आपला तोल कानाच्या आतल्या तीन बारीक अर्धगोल नळ्या सांभाळतात. त्यांत द्रव असतो. पाण्याने भरलेली कळशी गोल फिरवून बघा. सुरुवातीला कळशी फिरते, पाणी मागे राहतं. थोड्या वेळाने पाणीही कळशीच्या वेगाने फिरू लागतं आणि मग दोघांत फरक उरत नाही. कानातही हेच होतं. विमान एकसारखं वळत राहिलं की दहा-वीस सेकंदांत कान म्हणतो, सगळं सरळ चाललंय. वळण थांबवलं की तोच कान ओरडतो, उलट्या दिशेने वळतोय! ढगात किंवा काळोखात, बाहेरचं काही दिसत नसताना, माणूस कानाचं ऐकतो आणि घसरत्या वर्तुळात शिरतो.

१९५४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात याची परीक्षा घेतली गेली. यंत्रांवर उडण्याचं शिक्षण न घेतलेल्या वीस जणांना बाहेरचं काही दिसणार नाही अशा अवस्थेत विमान हाती दिलं. शेजारी प्रशिक्षक होताच. वीसपैकी वीसही जणांच्या हातून विमान सुटलं. सरासरी वेळ १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटांनाही दोन सेकंद कमी. हा आकडा वैमानिकांच्या वर्तुळात आजही भुतासारखा सांगितला जातो. प्रयोगाचा दुसरा भाग मात्र फारसं कुणी सांगत नाही. त्याच लोकांना मोजक्या पायऱ्यांचं एक वळण शिकवलं: विमान कलवायच्या चाकावरचे हात काढायचे, वेग आटोक्यात आणायचा, वळण दाखवणाऱ्या सुईवर नजर ठेवून फक्त पायाने रडर, म्हणजे शेपटीवरचं सुकाणू, हलवत सावकाश मागे वळायचं. थोड्या शिकवणीनंतर त्यांना ते जमू लागलं. हातांना तोवर भलतंच काही करायची सवय लागली होती, म्हणून पहिला धडा हात बाजूला ठेवण्याचा.

माणूस डोक्यात बाहेरच्या जगाची छोटी प्रतिकृती बाळगतो आणि कृती करण्याआधी तिच्यावर प्रयोग करून बघतो, ही कल्पना केंब्रिजमधल्या केनेथ क्रेक या तरुण मानसशास्त्रज्ञाने १९४३ सालच्या आपल्या ‘द नेचर ऑफ एक्स्प्लनेशन’ या छोट्याशा पुस्तकात मांडली. गंमत अशी, की त्याच क्रेकने युद्धकाळात ब्रिटिश हवाई दलासाठी स्पिटफायर विमानाचे भाग जोडून प्रयोगशाळेत एक कॉकपिट उभं केलं होतं. थकलेले वैमानिक कसे चुकतात, हे त्यात बसवून बघायचं. दिसलं ते असं: माणूस थकला की हात थांबत नाहीत, नजरेचा घेर आकसतो. समोरची दोन-चार यंत्रं तेवढी बघितली जातात. कडेचं इंधनाचं यंत्र राहूनच जातं. डोक्यातल्या विमानाचे एकेक भाग गळत जातात म्हणा ना. क्रेक १९४५ मध्ये सायकल अपघातात गेला, वय अवघं ३१. पुस्तक आणि कॉकपिट यांचं नातं तो पुढे कसं जुळवणार होता, ते त्याच्याबरोबर गेलं.

असं खोटं कॉकपिट बनवणारा क्रेक पहिला नव्हता. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी लिंक नावाच्या कुटुंबाचा ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो बनवायचा कारखाना होता. त्या घरच्या एडविन लिंकला उडण्याचं वेड. तासाला मोजावे लागणारे पैसे परवडेनात. कारखान्यात हवेचे भाते होते, झडपा होत्या. आपल्याकडे पेटीचा भाता ज्याने मारला आहे त्याला कल्पना येईल, की हवा भरली की भाता फुगतो आणि सोडली की बसतो. लिंकने भात्यांवर एक लाकडी ठोकळा बसवला, त्याला बुटके पंख लावले, आत सीट आणि दांडा. दांडा ओढला की झडपा उघडत आणि ठोकळा डुलत असे. १९२९ साली हे यंत्र तयार झालं आणि सुरुवातीला विकलं गेलं जत्रेतल्या करमणुकीसाठी. १९३४ च्या फेब्रुवारीत अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांवर टपाल वाहून नेण्याचं काम येऊन पडलं. ऐन हिवाळ्यात, रात्री-अपरात्री, ढगांतून. बरेच जण मेले. तेव्हा कुठे लष्कराला हा निळा ठोकळा आठवला. खराब हवेत लिंक स्वतः यंत्रांच्या भरवशावर विमान उडवत भेटीला आला, हे बघून अधिकारी गार झाले, असं सांगतात. सहा यंत्रं घेतली गेली. दुसऱ्या महायुद्धात पाच लाखांवर माणसं त्यात बसून शिकली.

आजचा सिम्युलेटर म्हणजे सहा हायड्रॉलिक किंवा विजेच्या पायांवर उभी असलेली एक खोली. आतलं कॉकपिट हुबेहूब. भारतात गोंदियाजवळच्या बिरसीला किंवा बारामतीला लायसन्ससाठी उडणारी मुलं मात्र आधी सगळ्यात स्वस्त सिम्युलेटर वापरतात: खोलीतली खुर्ची. भिंतीवर कॉकपिटचं पोस्टर, हातात काल्पनिक थ्रॉटल, ओठांवर चेकलिस्ट. शेजारच्या खोलीतल्याला वाटावं पोरगं मंत्र म्हणतंय. ही चेष्टेची गोष्ट नाही. डोक्यातलं विमान सगळ्यात भक्कम बांधलं जातं ते असंच.

इथवर प्रशिक्षणाचं कौतुक झालं. पण डोक्यातलं विमान प्रशिक्षण घडवत असेल, तर बिघडवूही शकतं. त्याची गोष्ट न्यूयॉर्कची आहे.

१२ नोव्हेंबर २००१. जुळ्या मनोऱ्यांवरच्या हल्ल्याला दोन महिने झाले होते. सांतो डोमिंगोला निघालेलं अमेरिकन एअरलाइन्सचं ५८७ क्रमांकाचं उड्डाण क्वीन्समधल्या वस्तीवर कोसळलं आणि सगळ्यांच्या मनात पाल चुकचुकली. घातपात नव्हता. २६५ माणसं गेली ती एका वैमानिकाच्या पायामुळे, आणि त्या पायाला शिकवणाऱ्या वर्गामुळे.

विमानापुढे जपान एअरलाइन्सचं ७४७ नुकतंच उडालं होतं. अवजड विमानाच्या पंखांच्या टोकांपासून हवेचे लांबलचक भोवरे निघतात. मागून येणारं विमान त्यात सापडलं की हिसके बसतात. एअरबस ए३००-६०० ला असा हिसका बसला. जबर नव्हे, चहाचा पेला हिंदकळेल इतपत. को-पायलटने रडरचं पेडल पूर्ण दाबलं. मग दुसरं. मग परत पहिलं. सातेक सेकंदांत पाच वेळा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. त्या वेगात या विमानाचं पेडल जेमतेम सव्वा इंच हलतं. बूट घातलेल्या पायाने सव्वा इंच किती ते बघा. तेवढ्या हालचालीत रडर त्या वेगाला मुभा असलेल्या टोकाला जातं. विमान आडवं घसरू लागलं, उलट पेडलने ते दुसरीकडे आणखी जोरात घसरलं आणि शेपटीचा उभा पंख मुळापासून निघून जमेका उपसागरात पडला. तो पंख कच्चा नव्हता. बांधणीत गृहीत धरला होता त्याहून कितीतरी जास्त ताण त्याने सोसला होता.

इतका पाय कुठून शिकला हा माणूस? अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने मागचं काढलं, तेव्हा त्याच कंपनीचा एक कॅप्टन आठवण सांगू लागला. काही वर्षांपूर्वी दोघे बोइंग ७२७ वर एकत्र होते. पुढच्या विमानाच्या भोवऱ्यात हा को-पायलट असाच जोरात पाय मारायला लागला. कॅप्टनने हटकलं तर उत्तर आलं, आम्हाला प्रशिक्षणात असंच शिकवलंय.

ते प्रशिक्षण वाईट हेतूचं नव्हतं, उलट काळाच्या पुढचं होतं. विमान उलटंपालटं झालं तर सावरायचं कसं, हे शिकवण्याची गरज बाकीच्या कंपन्यांना फारशी वाटत नव्हती त्या दिवसांत अमेरिकन एअरलाइन्सने त्याचा खास वर्ग काढला. सिम्युलेटरमधला धडा असा: तुम्ही ७४७ च्या मागे आहात, असं सांगायचं. विमान आधी एका बाजूला दहा अंश कलणार, मग दुसऱ्या बाजूला सरळ नव्वदकडे. मधल्या काही क्षणांत सिम्युलेटर मुद्दाम चाकाचं ऐकायचा नाही. कारण साधं आणि शिक्षकी होतं. वैमानिकाने सुरुवातीलाच सावरलं तर उलटं झालेलं विमान सावरण्याचा धडा गिरवायचा कसा? म्हणून आधी सगळ्यांना उलटं होऊ द्यायचं.

शिक्षकाच्या लेखी तो क्षण निव्वळ धड्याची सोय होता. विद्यार्थ्याच्या डोक्यात मात्र एक विमान तयार झालं. त्या विमानात भोवरा म्हणजे जीवघेणी गोष्ट, तो ७४७ च्या मागच्या विमानाला आडवं पाडतो, चाकाने काही होत नाही, मग पायच मारावा लागतो. हे कुणी शब्दांत शिकवलं नाही. खोटं जग असं वागत होतं, आणि शरीर जगाकडून शिकतं. बोइंग, एअरबस आणि अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने १९९७ सालीच पत्र लिहून कळवलं होतं, की तुमच्या वर्गात रडरवर अवाजवी भर आहे. तपास मंडळाने अपघाताच्या कारणांत या प्रशिक्षणाचे काही भाग आणि त्या विमानाच्या रडरची हळवी रचना ही दोन्ही नमूद केली.

याच तपासात आणखी एक भलतंच चित्र उघडं पडलं, तेही एका माणसाच्या नव्हे, जवळजवळ साऱ्या व्यवसायाच्या डोक्यातलं. प्रत्येक विमानाला एक वेग ठरवलेला असतो. त्याच्या खाली दांडा किंवा पेडल पूर्ण दाबलं तरी सांगाडा मोडत नाही. वैमानिकांनी त्याचा अर्थ घेतला, या वेगाखाली काहीही करा. नियमातली हमी मात्र एकदाच, एकाच दिशेने पूर्ण दाबण्यापुरती होती. एकदा इकडे, एकदा तिकडे, याचा त्यात हिशेबच नव्हता. पिढ्यान् पिढ्या हे अर्धं वाक्य वर्गात शिकवलं गेलं आणि परीक्षेत बरोबरही धरलं गेलं.

दुसरी गोष्ट स्टॉलची. स्टॉलशी इंजिनाचा संबंध नाही. एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढून बघितलं असेल (कंडक्टर ओरडेपर्यंत), तर तो तुम्हाला माहीत आहे. तळहात वाऱ्यात किंचित तिरका केला की हात आपोआप वर उचलला जातो. आणखी तिरका केला, आणखी वर. एका कोनाच्या पुढे मात्र उचल एकदम संपते, वारा हाताला नुसता मागे रेटतो. विमानाच्या पंखाचंही तसंच. पंखाचा वाऱ्याशी होणारा कोन मर्यादेबाहेर गेला की पंख विमानाला तोलून धरत नाही. उपाय एकच: नाक खाली करा, कोन कमी करा. उंची जाईल. जाऊ द्या.

हे पहिल्या पन्नास तासांत प्रत्येक वैमानिक शिकतो. मग मोठ्या जेटवर जातो आणि तिथे दुसरं काही शिकतो. सिम्युलेटरमध्ये दहाएक हजार फुटांवर, आधी सांगून, वेग हळूहळू कमी करायचा. दांडा थरथरू लागला की स्टॉलची नुसती चाहूल लागलेली असते. लगेच इंजिनाची पूर्ण ताकद, नाक आहे तिथेच धरायचं, उंची घालवायची नाही. परीक्षकाची नजर उंचीच्या काट्यावर. बऱ्याच ठिकाणी शंभर फुटांच्या आत सावरलं तर पास. पूर्ण स्टॉल सिम्युलेटरला येतच नव्हता. त्याच्या पलीकडे विमान नेमकं कसं वागतं याची मोजमापं त्यात भरलेली नव्हती. म्हणजे हजारो वैमानिकांच्या डोक्यातल्या विमानाला पूर्ण स्टॉल माहीतच नव्हता. थरथर आणि ताकद एवढंच माहीत होतं, आणि उंची गमावणं म्हणजे नापास होणं.

२००९ साली याची दोनदा किंमत मोजली गेली. १२ फेब्रुवारीला अमेरिकेत बफेलोजवळ एक क्यू४०० विमान उतरत असताना दांडा थरथरला. कॅप्टनने तो मागे ओढला. नाक खाली दाबणारी यंत्रणा आपोआप पुढे सरसावली, तिच्याशीही झगडून त्याने दांडा मागेच ओढला. विमानातले ४९ आणि ज्या घरावर ते पडलं तिथला एक, असे ५० जण गेले. नाक दाबणाऱ्या यंत्रणेचा धक्का हाताला कसा जाणवतो, हे सिम्युलेटरमध्ये त्यांना कधी दाखवलेलं नव्हतं.

आणि १ जूनला एअर फ्रान्स ४४७. रिओहून पॅरिसला जाणारं ए३३०, अटलांटिकवर मध्यरात्र, ३५,००० फूट. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फाचे कण अडकले. वेगाचे आकडे भरवशाचे राहिले नाहीत, तसं ऑटोपायलटने काम सोडलं. कॅप्टन विश्रांतीला गेला होता, कॉकपिटमध्ये दोन को-पायलट. विमान चांगलं होतं, इंजिनं चांगली होती. आकडे एका मिनिटाच्या आत ताळ्यावर येणार होते. तोवर काही न करता विमान आहे तसं धरून ठेवायचं होतं, इतकंच. उजवीकडच्या को-पायलटने नाक वर केलं. विमान ३८,००० फुटांच्या आसपास गेलं, वेग संपला, स्टॉलचा इशारा वाजू लागला. एका टप्प्यात तो सलग ५४ सेकंद वाजला. कॅप्टन परत आल्यावरही ‘स्टॉल’ हा शब्द तिघांपैकी कुणीही एकमेकांना म्हटला नाही. ऑटोपायलट सुटल्यापासून चार मिनिटं तेवीस सेकंदांनी २२८ जणांसह विमान पाण्यावर आपटलं. नाक वरच होतं.

या अपघाताबद्दल बोलताना को-पायलटला वेड्यात काढणं सोपं आहे. मला ते पटत नाही. त्याच्या डोक्यातलं विमान पाहा. वेगाचे आकडे बिघडल्याचा सराव त्याने केला होता, पण कमी उंचीवर, उड्डाणाच्या टप्प्यात. तिथे नाक वर आणि पूर्ण ताकद हेच बरोबर असतं. ३५,००० फुटांवर हवा इतकी विरळ असते की इंजिनाकडे तशी ताकद शिल्लकच नसते. पण तिथे हाताने विमान उडवायचा सराव त्याला कुणी दिलेला नव्हता. शिवाय रोजच्या उड्डाणात हे विमान स्वतःच स्टॉल होऊ देत नाही. दांडा पूर्ण ओढला तरी संगणक कोन आवरतो. त्या रात्री संगणकाने ती राखण सोडली होती. तशी सूचना पडद्यावर आली होती, बाकीच्या दहा सूचनांच्या गर्दीत. आणि शेवटी क्रूर विनोद म्हणावा असं एक घडलं. वेग फारच कमी झाला की विमानाला स्वतःचे आकडे अविश्वसनीय वाटत आणि स्टॉलचा इशारा बंद पडे. नाक जरा खाली केलं की आकडे सुधारत आणि इशारा परत ओरडू लागे. बरोबर केलं की ओरडा, चूक केली की शांतता. अशा शिक्षकाकडून कोण काय शिकणार?

दोन मैलांहून खोल समुद्रतळावरून त्या विमानाची रेकॉर्डिंगची यंत्रं २०११ मध्ये निघाली. प्रशिक्षण बदललं. आता पहिला धडा पुन्हा तोच, पन्नास तासांच्या विद्यार्थ्याचा: नाक खाली, कोन कमी, उंची गेली तर गेली. अमेरिकेत २०१९ पासून कंपनीच्या वैमानिकांना पूर्ण स्टॉल सिम्युलेटरमध्ये अनुभवावा लागतो, आणि त्यासाठी सिम्युलेटरला आधी तो शिकवावा लागला.

स्वयंचलित यंत्रणांचं वेगळंच. त्या काय करतायत याचंही एक चित्र डोक्यात लागतं, आणि ते जुन्या विमानावरून आलेलं असतं. १४ फेब्रुवारी १९९० ला इंडियन एअरलाइन्सचं मुंबईहून निघालेलं ए३२० बेंगळुरूला धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानात पडलं, १४६ पैकी ९२ जण गेले. ही विमानं कंपनीकडे येऊन वर्षही झालं नव्हतं. उतरताना विमान अशा मोडमध्ये गेलं होतं, की त्यात इंजिनं अगदी मंद राहतात आणि वेग टिकवायची जबाबदारी ती घेत नाहीत. उंची ठरवायची खुंटी आणि खाली येण्याचा वेग ठरवायची खुंटी एकाच पट्टीवर असतात. एकीऐवजी दुसरी फिरली असावी, असा तपासाचा अंदाज. जुन्या जेटमध्ये ऑटोथ्रॉटल ताकद वाढवायचा तेव्हा थ्रॉटलचे दांडे खरोखर पुढे सरकायचे, तळहाताला कळायचं. ए३२० मध्ये ते खाचेत स्थिर असतात. आत इंजिन गुरगुरतंय की झोपलंय, हाताला पत्ता लागत नाही. वीस वर्षं हाताने ऐकलेल्या माणसाला एकदम फक्त डोळ्यांनी ऐकायला लावलं होतं. दोनच वर्षांनी फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गजवळ याच जातीच्या विमानाच्या कॉकपिटमध्ये यंत्राच्या छोट्या खिडकीत ३३ हा आकडा दिसत होता. तो ३.३ अंशांचा उतार असेल, असं वैमानिकांनी धरलं असावं. यंत्राने मिनिटाला ३,३०० फूट घेतलं. ८७ माणसं गेली. नंतर त्या खिडकीत आकडा वेगळा दिसेल अशी सोय केली गेली.

मग सराव वाढवला की झालं? नासाच्या एम्स केंद्रातल्या स्टीफन कॅसनर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली एक साधा प्रयोग छापला. ७४७ उडवणाऱ्या १८ वैमानिकांना स्टॉल, जमिनीलगतचा वाऱ्याचा झोत आणि उड्डाणात इंजिन बंद पडणं, हे तीन प्रसंग दिले. आधी नेहमीच्या परीक्षेत येतात तसे, मग अवचित. नेहमीच्या रूपात सगळं चोख. अवचित आल्यावर तीच माणसं अडखळली, कुणी उशीर केला, कुणाला प्रसंग ओळखताच आला नाही. आपल्याकडे दहावीची अपेक्षित प्रश्नसंचातून तयारी केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. पुढच्या वर्षी त्यांनीच दाखवलं, की ऑटोपायलटच्या सवयीने हात तितके गंजत नाहीत. गंजतं ते नकाशाविना आपण कुठे आहोत याचं भान, यंत्र खोटं बोलतंय हे ओळखणं. म्हणजे पुन्हा डोक्यातलं विमानच.

आणि एखाद्या वेळी ते घडूच दिलं जात नाही. ७३७ मॅक्समधलं नाक खाली ढकलणारं सॉफ्टवेअर वैमानिकांच्या पुस्तकात नव्हतं. जुन्या ७३७ वरून मॅक्सवर यायला टॅब्लेटवरचा छोटा पाठ पुरे, असं ठरवलं होतं. लायन एअर आणि इथिओपियन एअरलाइन्सच्या दोन अपघातांत मिळून ३४६ जीव गेल्यावर सिम्युलेटर सक्तीचा झाला.

आता एक उलटं उदाहरण. ४ नोव्हेंबर २०१० ला क्वांटासचं ए३८० सिंगापूरहून निघालं आणि थोड्या वेळात त्याच्या एका इंजिनातली चकती फुटून पंखाच्या आरपार गेली. तारा तुटल्या, इंधन गळू लागलं. पडद्यावर एकामागून एक बिघाड येऊ लागले. एकाची चेकलिस्ट संपते तोवर पुढचा. त्या दिवशी कॅप्टनची तपासणी होती आणि तपासणाऱ्याचीही, त्यामुळे कॉकपिटमध्ये योगायोगाने पाच वैमानिक होते. कॅप्टन रिचर्ड डी क्रेस्पिनी याने पुढे आपल्या पुस्तकात सांगितलं आहे, की बिघाडांची यादी डोक्यात मावेना, तेव्हा त्याने हिशेब उलटा केला. काय मोडलंय ते मोजायचं सोडलं आणि काय शिल्लक आहे ते मोजायला घेतलं. इंधन थोडं आहे, इंजिनं आहेत, दांडा ऐकतोय, ब्रेक थोडे आहेत. जगातल्या सगळ्यात मोठ्या प्रवासी विमानाचं त्याने डोक्यात एक सेसना केलं, शिकाऊ पोरं उडवतात तसलं. उतरण्याआधी वरच फ्लॅप आणि चाकं काढून, विमान इकडेतिकडे कलवून, हे सेसना खरंच तसं वागतंय ना ते हाताने तपासून घेतलं. मग ४६९ जणांना घेऊन ते चांगीला उतरलं आणि धावपट्टीचे दीडेकशे मीटर उरले असताना थांबलं.

थांबल्यावर इंजिनं बंद करायची. बाकीची झाली, डावीकडचं कडेचं होईना. बटण दाबलं, आगीचं हँडल ओढलं, काही उपयोग नाही. मधल्या तारा तुटल्या होत्या. खाली इंधन गळतंय, ब्रेक तापलेत आणि हे आपलं चालूच. लोकांना एकाच जिन्याने, दुसऱ्या बाजूने, सावकाश उतरवलं. मग अग्निशमन दलाने त्या इंजिनावर पाणी आणि फेस मारायला घेतला, आणि तब्बल दोन तासांनी ते घरघरत विझलं.